जमाईसाबांचा सोफा

हिवाळ्यात आमच्या घरी मटाराच्या सालांची भाजी व्हायची. दाणे दुकानाचे आणि सालं आमची, अशी वाटणी होती. परदेशीपुऱ्यातला एक कचोरीवाला सकाळी पोतं टाकून जायचा, आई आणि मी ते सोलायचो, आणि संध्याकाळी तो दाणे घेऊन जायचा. सालाच्या आतला कडक पापुद्रा ओढून काढला की उरलेलं हिरवं साल चांगलं शिजतं. बटाटा असला तर बटाट्यात, नसला तर नुसतंच. पावसाळ्यात मटाराऐवजी मक्याचे भुट्टे यायचे. भुट्ट्याचा कीस काढताना बोटंही किसली जातात. बी.कॉम.चं अर्धं अर्थशास्त्र मी भुट्टे किसत पाठ केलं आहे, आणि हे मी कुणालाही सांगते. आमच्या खानदानात, आईकडूनही आणि बाबांकडूनही, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे ऐकून ज्यांना कंटाळा येतो त्यांनी खुशाल कंटाळावं.

बाबा मिलमध्ये लूमखात्यात होते, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे. मिल चालू होती तेव्हाही चहात दूध पाहुणा आला तरच पडायचं. मग मिलच्या फाटकाला कुलूप लागलं. आधी म्हणाले, थोड्या दिवसांसाठी आहे. बाबा आणि त्यांचे दोस्त रोज जाऊन ते कुलूप बघून यायचे, जसं काही ते झाडावर लागलंय आणि पिकलं की आपोआप पडेल. ते पिकलं नाही. इंदौरातल्या बाकीच्या मिलांचीही तीच गत होत होती. कुणी ठेला लावला, कुणी टेम्पो चालवायला लागलं, कुणी बायकोच्या गावी गेलं. बाबा आमच्या शेजारी येऊन बसले आणि मटार सोलायला लागले.

मटार ते छान सोलायचे. तक्रार त्याची नव्हती. तक्रार ही होती की ते बोलायचेच नाहीत. पूर्वी संध्याकाळी गल्लीतल्या ओटल्यावर बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. आता ते ओटल्यावर जायचे, थोडा वेळ बसायचे आणि उठून घरी यायचे. लग्नाला गेले तर जेवून लगेच परत. कुणी कामाबद्दल सुचवलं की "बघू" म्हणायचे आणि तिकडे फिरकायचेच नाहीत.

"मिल गेली ती गेली," आई म्हणायची, "हा माणूस कशाला तिच्यामागे चाललाय?"

मला नोकरी लागली त्या दिवशी मी पेढे आणले. आईनं पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. म्हणाली, "तू शिकलीस ना? मग एक काम कर माझं. ह्यांना चार माणसांत नेऊन बसव. एकदा हसलेले दिसू देत मला. दुसरं काही नको."

आता हे काम बी.कॉम.च्या कुठल्या पेपरात होतं? पण मी हो म्हटलं.

नोकरी होती मोटरसायकलींच्या एका नव्या शोरूममध्ये. तेव्हा इंदौरात हे नवंच सुरू झालं होतं. एकीकडे मिलांची फाटकं बंद होत होती आणि दुसरीकडे काचेची दारं उघडत होती. मी कंप्युटरवर बिलं बनवायची. शेजारच्या टेबलावर आमचे अकाउंटंट बसायचे, छत्रीबागेत राहणारे. त्यांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून होते, आणि हे त्यांनी मला पहिल्या दिवशी दोनदा सांगितलं. मी त्यांना काका म्हणायची, ते मला बेटा. रविवारी दुपारी छत्रीबागेतच, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, हे काका आणि त्यांची मंडळी एक हास्य-क्लब चालवायची. कुणी नकला करायचं, कुणी माळवी बोलीत फटके मारायचं, कुणी नुसतेच बायकोचे किस्से सांगायचं. एक माइक, एक हार्मोनियम, टेंट हाउसच्या लोखंडी खुर्च्या, आणि शेवटी सगळ्यांना गरम कचोरी.

मी म्हटलं, "काका, आई-बाबांना आणलं तर चालेल?"

"आण की! पण बेटा, बसायचं कुठे हे आधी समजून घे." त्यांनी पेन खाली ठेवलं. काका पेन फक्त दोन गोष्टींसाठी खाली ठेवायचे, जेवण आणि उपदेश. "आमच्या हॉलमध्ये जागा निवडणं म्हणजे पत्रिका जुळवणं आहे. खांबामागे कोण बसतं? ज्यानं सासूला आणलंय तो. खिडकीशी कोण? ज्याला दर पाच मिनिटांनी खाली वाकून आपली स्कूटर बघायचीय तो. पंख्याखाली हवा लागेल, पण तो पंखा असा नालायक आहे की जोक संपायच्या वेळीच खट् करतो. डाव्या भिंतीला आमचे जुने मेंबर. ते जोकच्या आधीच हसतात, सगळं पाठ आहे त्यांना."

"आणि पुढे?"

"पुढे सोफा आहे." काकांनी आवाज खाली आणला. "सोफ्याचं नाव काढू नको."

सोफ्याची गोष्ट अशी. माळव्यात जावई सासरी जेवायला बसला की बायका त्याच्या नावानं गाणी म्हणतात. त्याच्या नाकापासून त्याच्या काकूपर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो, आणि त्यानं मान खाली घालून हसत हसत जेवायचं असतं. चिडला तो हरला. क्लबानं हीच रीत उचलली होती. पहिल्या ओळीत खुर्च्या नव्हत्याच. छापखान्याच्या मालकाचा एक जुना सोफा होता. त्यावर जो बसेल तो आजचा जमाईसाब. त्याला लाल साफा बांधायचा, मग कार्यक्रमभर जो कोणी माइकवर येईल तो आधी त्याची खेचेल, आणि शेवटी पहिली कचोरी त्याची. त्यामुळे बाकी जगात लोक पुढची जागा धरायला लवकर जातात, तर इथे मागची धरायला लवकर यायचे. उशिरा आलेला बिचारा सोफ्यावर.

"आणि पहिला सवाल ठरलेला," काका म्हणाले. "जमाईसाब, काम क्या करते हो?"

मी मनात म्हटलं, सोफा नको रे बाबा. ह्या एका सवालासाठी तर बाबा ओटल्यावरून उठून येतात. निदान तेव्हा मला तसंच वाटत होतं.

पहिल्या रविवारी आम्ही इतक्या लवकर गेलो की खुर्च्या अजून उघडायच्या होत्या. बाबांनी सगळा हॉल पाहिला. दोन-तीन खुर्च्या पायानं हलवून बघितल्या. मग शेवटच्या ओळीत, खांबामागे, दाराच्या शेजारी जाऊन बसले.

"एवढ्या मागे?" मी म्हटलं.

"पुढे मालक लोक बसतात," बाबा म्हणाले. त्यांच्या 'हळू' बोलण्यानं खुर्च्या मांडणारा माणूस वळून बघायला लागला. आमच्या गल्लीत सगळेच मिलवाले, सगळेच तसं बोलायचे, म्हणून आम्हाला त्याचं काही वाटत नसे.

आई म्हणाली, "टॉकीजमध्ये मागची सीटच भारी असते. बसा."

कार्यक्रम चांगला झाला. क्लबाचे हिरो होते एक होमिओपॅथीचे डॉक्टर. त्यांची मिशी इतकी भरघोस की त्यांचा वरचा ओठ कुणी पाहिला नव्हता. ते माळवीत सुरू झाले की लोक गुडघ्यावर हात मारायचे. आई तर पदरात तोंड घालून हलत होती. मी मात्र कार्यक्रम बघतच नव्हते, मी बाबांना बघत होते. बाबा हसत होते. पण सगळे हसून झाल्यावर. लोक हसायचे, बाबा इकडेतिकडे बघायचे आणि मग हसायचे. रेडिओवर गाणं संपल्यावर कुणी डोकं हलवावं तसं.

घरी येताना विचारलं, "कसं वाटलं?"

"चांगलं होतं."

"डॉक्टर आवडले?"

"चांगले होते."

आईनं माझ्याकडे बघितलं. अजून मिलमध्येच आहे हा माणूस, असा त्या बघण्याचा अर्थ.

दुसऱ्या रविवारी रस्त्यात वरात अडकली आणि आम्हाला उशीर झाला. जिना चढताना आई पुटपुटत होती, "सोफा नको, सोफा नको." नशीब आमचं, सोफ्यावर एक बँकेचे साहेब बसलेले होते. नुकतेच बदलून इंदौरला आलेले, त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. गादीवाली रिकामी जागा बघून खूश होऊन बसले असणार. आता डोक्यावर लाल साफा होता आणि चेहरा ऑडिट चालू असल्यासारखा. आम्हाला मिळाल्या बाजूच्या खुर्च्या, हार्मोनियमच्या शेजारी, जिथून स्टेजवरच्या माणसाचा नुसता एक कान दिसतो. असल्या जागेला कोण विचारतं? मी कपाळावर हात मारला.

अर्ध्यात लाइट गेली. पंखा थांबला, माइक मेला. दुपारची वेळ, खिडक्यांतून उजेड होता, त्यामुळे लोक बसून राहिले, हातानं वारा घेत. डॉक्टर आणि नकला करणारे एक कॅशियर आमच्यासमोर पण चांगले लांब, खिडकीशी जाऊन काहीतरी कुजबुजायला लागले. आणि त्या शांततेत बाबा एकदम हसले. साधंसुधं नाही. खो-खो. एकटेच. सगळा हॉल आमच्याकडे बघायला लागला. कुणी जोक केला नव्हता, माइक बंद होता, आणि हा माणूस पोट धरून हसतोय.

मी मानेनंच विचारलं, काय? त्यांनी हातानंच सांगितलं, नंतर.

बाहेर आल्यावर म्हणाले, "तो कॅशियर सांगत होता, ये सोफेवाला एक बार भी नहीं हँसा, इसको कचोरी ठंडी देना."

"पण बाबा, ते तिकडे खिडकीशी होते. मला तर एक अक्षर ऐकू आलं नाही."

"ऐकायचं काय त्यात?" बाबा म्हणाले. "दिसलं."

मग त्यांनी सांगितलं, आणि ते सांगणं त्यांच्या दृष्टीनं काही विशेष नव्हतं. लूमखात्यात शेकडो माग एकदम खडखडतात. तिथे ओरडून फायदा नाही. सगळे तोंडानंच बोलतात, आवाज न काढता, ओठ मोठे हलवून. या टोकाचा त्या टोकाच्याशी. चहापासून लग्न जुळवण्यापर्यंत सगळं. पहिल्या वर्षात शिकतो माणूस.

मी ऐकत होते. आई मात्र आमच्या मागे दोन पावलं चालत होती, ती थांबली. रस्त्याच्या कडेला जलेबीचं दुकान होतं. तिनं तिथूनच, साध्या आवाजात, हाक मारली, "अहो, जलेबी घ्यायची का?"

बाबा चालत राहिले.

"अहो. गरम आहे."

बाबा चालतच राहिले. आता हे समजून घ्या की आमचे बाबा जलेबीच्या नावानं तापातून उठून बसलेले आहेत. आई रस्त्यात उभीच राहिली. माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, ह्यांना ऐकूच येत नाही."

इतकी वर्षं एका खोलीत राहून आम्हाला कळलं नव्हतं, कारण कळायला जागाच नव्हती. घरात आम्ही सगळे मिलवाल्यांसारखे, समोर तोंड करून, मोठ्यानं बोलणारे. मिलमध्ये तर कान लागतच नव्हते. अडचण झाली ती मिल सुटल्यावर. मिलवाले पांगले, ओटल्यावर आता दुसरेच लोक बसत होते, दुकानातले, कचेरीतले. ते रस्त्याकडे तोंड करून बोलत. आणि इंदौरी माणूस तोंडात पान असल्याशिवाय महत्त्वाचं बोलत नाही. बाबांना काही दिसायचं नाही. एकदोनदा भलतंच उत्तर दिलं, लोक हसले, तेव्हापासून ते उठून घरी यायला लागले. आम्ही सगळा दोष मिलच्या कुलपाला देऊन मोकळ्या झालो होतो.

"मग सांगायला काय झालं होतं?" आई चिडली. डोळे पुसत होती आणि चिडत होती.

"कोण काम देणार बहिऱ्याला?" बाबा म्हणाले. "आणि तुम्ही दोघी पण कुणाला बोलू नका. अजिबात नाही."

पण त्या शनिवारी सकाळीच त्यांनी स्वतःहून शर्टाला इस्त्री केली. आईनं मला कोपरानं ढोसलं. बाबा म्हणाले, "त्या बाजूच्या खुर्च्या मिळतील का पुन्हा? तिथून तर एकच बाजू दिसते म्हणा. समोरून बरं दिसेल."

समोर म्हणजे सोफा. दुसरी ओळ घेतली तर मध्ये जमाईसाबाचा साफा येणार, तो काही लहान नसतो. मी काकांना शोरूममध्ये सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, सोफ्यावर बसून जमाई व्हायची माफी नाही मिळत का कुणाला?"

काकांचे डोळे चमकले. पेन खाली गेलं. "बेटा, इथे पोलिसांच्या मोठ्या साहेबांना साफा बांधलाय आम्ही. माफी मागणाऱ्याला तर आधी धरतात. का? कोण बसतंय?"

"कुणी नाही," मी म्हटलं, आणि बिलं करायला लागले.

घरी मी सगळं उघड सांगितलं. सोफा घेतला तर सगळं दिसेल. पण ते विचारणार, काम क्या करते हो. बाबांनी हातातली शेंग सोलून दाणे बाजूला टाकले. मग म्हणाले, "लग्नात तुझ्या मामांच्या बायकांनी मला दोन घास सुखानं खाऊ दिले नव्हते. त्यांच्यापेक्षा हे डॉक्टर काय जास्त बोलणार? बसू. पण उत्तर काय द्यायचं ते ठरवा."

मग बसली बैठक.

आई म्हणाली, "रिटायर सांगा."

"या वयात? केस काळे आहेत माझे."

मी म्हटलं, "टेक्स्टाइल लाइनमध्ये सांगा. चांगलं वाटतं."

"आणि पुढे काही विचारलं त्यात, तर?"

"मग बिझनेस सांगा," आई म्हणाली. "हे बघा पोतं. मटाराचा बिझनेस."

हे बाबांना पटलं. बिझनेस. मी डॉक्टर झाले, समोर उभी राहिले, आणि बाबांनी तो शब्द चार-पाच वेळा म्हणून दाखवला. शेवटी शेवटी तर चांगलं मोटरसायकल घ्यायला आलेल्या माणसासारखं म्हणायला लागले.

रविवारी आम्ही हॉलमध्ये शिरलो आणि सरळ पुढे चालत गेलो. मागे एकदम कुजबुज. आपण होऊन सोफ्याकडे चाललेलं कुटुंब त्या लोकांनी कधी पाहिलं नसेल. काकांचं तोंड उघडंच राहिलं. सोफा असा खोल की आई बसली ती जवळजवळ आतच गेली. मी टोकाला. बाबा अगदी कडेवर, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर.

साफा बांधला गेला. लाल साफा बाबांना शोभत होता, हे मी मुलगी म्हणून सांगत नाही. हार्मोनियमवर एका बाईंनी सुरुवात केली, जमाईसाब के जूते बड़े, पैर हैं उधार के, असं काहीतरी, आणि बाबा त्यांचे ओठ बघून बरोबर वेळेवर हसले. आईनं माझा हात दाबला. मग डॉक्टर माइकवर आले. आम्ही सगळा विचार केला होता आणि एक गोष्ट विसरलो होतो. ती मिशी.

"तो जमाईसाब," डॉक्टर म्हणाले, "काम क्या करते हो?"

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले.

"जमाईसाब? काम? धंधा?"

बाबा आईकडे झुकले आणि तिच्या कानात म्हणाले. कानात म्हणाले हे त्यांचं मत. लूमखात्यातून आलेल्या माणसाच्या कानगोष्टी जिन्यातही ऐकू जातात. "काय विचारतोय गं हा? मिशीत काही दिसत नाही."

हॉल फुटला. बाबांना वाटलं डॉक्टरांनी काही जोक केला. तेही हसले.

आई सोफ्यात आणखी खोल गेली. पण तिनं तोंड बाबांकडे वळवून, ओठ मोठे करून सांगितलं, "काम काय करता विचारतायत."

बाबांनी मान हलवली. समजलं. मग पुन्हा तिच्या कानात, तसेच 'हळू', "काय सांगायचं ठरलं होतं आपलं?"

त्यानंतर काय झालं ते सांगणं कठीण आहे. डाव्या भिंतीचे जुने मेंबर, जे आधीच हसतात, ते या वेळी सगळ्यांबरोबर हसले. खिडकीजवळचा माणूस स्कूटर विसरला. आईनं पदर पूर्ण तोंडावर घेतला. मी पंख्याकडे बघत होते. बाबांना आता कळलं होतं की हसणं डॉक्टरांवर नाही. त्यांची पाठ आणखी ताठ झाली, आणि मला वाटलं, आता उठणार. उठले की घरी, आणि घरून पुन्हा कधीच बाहेर नाही.

डॉक्टर हुशार माणूस. ते हसले नाहीत. माइक घेऊन सोफ्याजवळ आले, वाकले, आणि एका हाताच्या दोन बोटांनी त्यांनी आपली मिशी वर उचलली. शहरानं प्रथमच तो ओठ पाहिला. आणि सावकाश, मोठं तोंड करून विचारलं, "जमाईसाब, क्या तय हुआ था?"

बाबांनी त्या ओठाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग ते उभे राहिले, साफ्यासकट.

"बिझनेस बोलने का तय हुआ था," ते म्हणाले. "पर कुछ नहीं करता. मिल बंद हुई, तब से बैठा हूँ."

"कहाँ बैठे हो?" डॉक्टरांनी मिशी तशीच वर धरून विचारलं.

"घर पे. मटर छीलता हूँ."

"और घरवाली कुछ बोलती नहीं?"

"बोलती होगी," बाबा म्हणाले. "मेरे को सुनाई कम देता है. लूमखाते में था."

हे म्हणताना त्यांचा चेहरा अगदी सरळ होता, आणि त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. हॉलमधल्या प्रत्येक नवऱ्याला मात्र दिसलं. पदराच्या आतून आईचाही आवाज यायला लागला, आणि तो रडण्याचा नव्हता.

डॉक्टर काही बोलणार एवढ्यात खांबाशेजारी, शेवटच्या ओळीत, एक म्हातारा खुर्चीवर चढला. हात उंच करून हलवायला लागला. बाबांनी वळून बघितलं, आणि त्यांचा सगळा चेहरा बदलला. म्हातारा ओठ हलवू लागला. आवाज काही नाही. बाबांनी उत्तर दिलं. आवाज काही नाही. सगळा हॉल मध्ये, आणि हे दोघं त्याच्या दोन टोकांना तोंडातोंडी गप्पा मारतायत, माना हलवतायत, हातवारे करतायत. लोक एकदा पुढे बघत, एकदा मागे. मग दोघंही एकदम खो-खो हसले, आणि काय झालं ते न कळताच सगळा हॉल हसला.

"अरे भिया," डॉक्टर माइकवर रडवेल्या आवाजात म्हणाले, "माइक मेरे पास है और प्रोग्राम आप दोनों कर रहे हो!"

कचोरी खाताना आम्ही बाबांना विचारलं, काय बोलत होता एवढं? पहिली कचोरी त्यांची होती, चांगली गरम. त्यांनी आधी ती संपवली.

"तो दुसऱ्या मिलचा आहे. डॉक्टरांनी मिशी उचललेली बघूनच ओळखलं त्यानं. म्हणाला, मला पण काही ऐकू येत नाही. मी विचारलं, मग दर रविवारी येतोस कशाला? म्हणाला, शेजारचा हसला की मी हसतो." बाबांनी बोटं पुसली. "मी म्हटलं, बेवकूफ, पुढे येऊन बस."

पुढच्या रविवारी म्हातारा पुढे येऊन बसला. सोफ्यावर दोघं, साफा मात्र एकच, तो पाळीपाळीनं. डॉक्टरांनी मिशी कापली नाही, काकांनी पुष्कळ सांगूनही. पण विनोदाच्या शेवटच्या ओळीला ते दोन बोटांनी ती वर धरायचे. पुढे पुढे लोक त्या बोटांवरच हसायला लागले, आणि विनोद राहिला बाजूला, अशी तक्रारही डॉक्टर करायचे. आम्ही मायलेकी परत लोखंडी खुर्च्यांवर गेलो. सोफा आईच्या पाठीला चालत नव्हता. मी माझ्यापुरती पंख्याखालची जागा धरली. तिथे जोकचा शेवट ऐकू येत नाही, पण इंदौरच्या मे महिन्यात मला शेवटापेक्षा हवा प्यारी आहे.

बाबा नंतर एका नमकीनच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. मालकाला पहिल्याच दिवशी म्हणाले, "सुनाई कम देता है, सामने से बोलना." मालक समोरून बोलायला लागला. ओटल्यावर ते परत बसायला लागले. पान खाणाऱ्यांना सांगायचे, आधी थुंक, मग बोल. लग्नात, बारशाला, कुठेही गेले की जिथून बोलणाऱ्याचं तोंड दिसेल तिथे, सगळ्यात पुढे, न विचारता जाऊन बसत. मिल पुन्हा उघडली नाही. बाबा माणसांत आले.